अण्णा, दिवाण अजून भिंतीलाच आहे

अण्णा,

त्या दिवशी तुम्हाला हॉलमध्ये खाली घेतलं, तेव्हा करमाडहून आलेल्या तुमच्या चुलतभावाने दिशा विचारली आणि तुमचं डोकं उत्तरेला केलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. माझ्या देखत पहिल्यांदाच तुमचं डोकं उत्तरेला होतं आणि तुम्ही त्यावर एक शब्द बोलत नव्हता. मला रडू येण्याआधी राग आला. वाटलं, आता गप्प का? बोला की. एवढी वर्षं ज्या उत्तरेवरून माझं डोकं खाल्लंत, ती हीच.

तेराव्यापर्यंत घरात आलेल्या प्रत्येकाने तुम्हाला देवमाणूस म्हटलं. चहा मीच देत होते, त्यामुळे सगळं कानावर पडत होतं. देवमाणसाबरोबर आठ वर्षं तीन खोल्यांत राहिलेल्या सुनेला मात्र कुणी काही विचारलं नाही. बरंच झालं. तुमच्या मागे बोलण्यापेक्षा तोंडावर बोलायची मला सवय आहे. तेच करते.

सुरुवात तुमच्या बाजूने करते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. गौरी चार महिन्यांची असताना तुम्ही करमाडहून बघायला आलात, तिच्या कपाळाचा मुका घेतलात आणि ओठांवरून जीभ फिरवलीत.

"हे लेकरू खारट लागतंय गं सुनीता. मिठात घोळल्यावानी."

सगळे हसले. तुमचा मुलगा म्हणाला, "अण्णा, लोणचं घालायचंय का तिचं?" त्यानंतर वर्ष-दीड वर्ष खोकला हटेना, खाल्लेलं अंगी लागेना. डॉक्टर बदलले, पोटाची औषधं झाली, दम्याची झाली. शेवटी एका डॉक्टरांनी घामातलं मीठ तपासायला सांगितलं आणि आम्हाला एक नवीन नाव पाठ करावं लागलं. सिस्टिक फायब्रोसिस. जन्मतःच अंगातल्या मीठपाण्याचा मेळ बिघडलेला. फुफ्फुसातला कफ गोंदासारखा घट्ट होतो, नळ्यांत अडकतो, तिथं जंतू मुक्काम करतात. बरा होत नाही, रोज सांभाळावा लागतो.

तो रिपोर्ट घेऊन आम्ही घरी आलो. तुम्ही सोफ्यावर बसला होतात. तुमचं पहिलं वाक्य होतं, "म्या सांगितलं नव्हतं व्हय?"

त्या क्षणी तुम्हाला हाताला धरून करमाडच्या गाडीत बसवावं असं वाटलं होतं. तुम्ही स्वतःच गेलात. आठवड्याने परत आलात ते पत्र्याची पेटी घेऊन. शेत बटाईने दिलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. पेटी गौरीच्या खोलीत ठेवलीत आणि म्हणालात, "तुम्ही दोघं शेंद्र्याला जाता, लेकराजवळ कुणी नको?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही दोघंही कंपनीत, मी स्टोअरला, ते मेंटेनन्सला. सकाळी सातची बस. फिजिओथेरपीच्या ताईंनी पाठ थोपटायची कशी ते शिकवलं, तेव्हा तुम्ही माझ्या आधी शिकलात हेही लिहून टाकते. आधी वाफेच्या मशीनमधून औषध, मग एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर झोपवून बरगड्यांवर पोकळ हाताने थोपटायचं, म्हणजे चिकटलेला कफ सुटतो. ओंजळ उपडी केल्यासारखा हात. माझा हात चपटा पडायचा, चापट मारल्यासारखा आवाज यायचा. तुमचा आवाज घोड्याच्या टापांसारखा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. ताई मला म्हणाल्या, "आजोबांकडून शिका." ते तुम्ही पुढची आठ वर्षं मला ऐकवलंत.

इथवर उपकार. आता बाकीचं.

तुमचे नियम. गौरीचा दिवाण पश्चिमेच्या भिंतीला लावलेला, डोकं दक्षिणेला. उत्तरेला डोकं करून लेकराला क्षणभरही झोपवायचं नाही. "उत्तरेला डोकं एकदाच करायचं असतं, तेबी दुसऱ्यांनी." आमच्या खोलीतल्या पलंगाला दोन्ही बाजूंनी जागा आहे, तिथं थोपटा म्हटलं तर, "सुनेच्या खोलीत सासरा पाय ठेवत नसतो." हॉलमध्ये जमिनीवर सतरंजी घालून करा म्हटलं तर गुडघे. पालथी झोपवली की गौरीचं पोट दुखायचं. म्हणजे तोच दिवाण, तीच भिंत. तुम्ही खुर्ची ओढून एकाच बाजूला बसायचात. मी सकाळी डबे भरत असायचे, संध्याकाळी बसमधून उतरत असायचे. टापांचा आवाज येतोय म्हणजे काम चाललंय, असं मी धरून चालले.

आणि तुमचा तो फोटो. एक्स-रे असो, सीटी असो, तुमच्यासाठी सगळा फोटोच. गौरी सहा वर्षांची झाल्यावर डॉक्टर मॅडमनी छातीचा पहिला सीटी सांगितला. तुम्ही म्हणालात, "लेकरू पळतंय, खातंय, फुंकायच्या मशीनला चांगलं फुंकतंय. कामून जाळता त्याला त्या मशीनीत?" मॅडमनी तुम्हाला समोर बसवून समजावलं. या आजारात फुंकायची चाचणी चांगली येत राहते आणि आत कुठेतरी एका कोपऱ्यात नळ्या रुंद व्हायला लागतात. मूल पळत असतं, खात असतं. म्हणून अधूनमधून, उगाच नाही, कमीत कमी किरणांत फोटो काढायचा आणि जुन्याशेजारी लावून बघायचा. औषध, थोपटणं, सगळं पोचतंय की नाही हे दुसरं कोण सांगणार? तुम्ही मान डोलावलीत. लिफ्टमध्ये मला म्हणालात, "बाई हुशार हाय. पण दुकान तिचंच हाय ना."

पहिला सीटी बरा आला. तुम्हाला तेवढंच पाहिजे होतं. "बघ. उगा काढला."

दुसऱ्याच्या वेळी तुम्ही जे केलंत ते मी अजून विसरलेले नाही. गौरी आठ वर्षांची. तारीख ठरलेली, मी रजा टाकलेली, फ्रीजवर लावलेल्या माझ्या कामांच्या यादीत लिहिलेलं. सकाळी उठले तर तुम्ही आणि गौरी घरात नाही. फोन केला तर मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज.

"हुरडा खायला आणलंय लेकराला. संध्याकाळी येतो."

"अण्णा, आज सीटी आहे."

"फोटो काय पळून जातोय का?"

"तिथं आगटी पेटली असेल! धूर!"

"वाऱ्याच्या वरल्या अंगाला बसवलंय. तू यादीत लिहून ठिव, अण्णांनी धूर बघितला."

तेव्हा तुमच्या सगळ्या भावकीला तुम्ही काय सांगत होतात हेही मला माहीत आहे. लेकराला थोडा दमा आहे, वयाबरोबर जाईल. उद्या लग्नाचं बघताना अडचण नको म्हणून. आठ वर्षांच्या मुलीच्या लग्नाची तुम्हाला चिंता होती. तिच्या फुफ्फुसाची मला.

परत आल्यावर तिला खोकला झाला. तुम्ही म्हणालात, बसमधल्या एसीने. कशाने का असेना, सर्दीत काढलेला फोटो काही कामाचा नाही, म्हणून मॅडमनी तारीख पुढे ढकलली. दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत मी तुमच्याशी जेवायला या, औषध दिलं का, एवढंच बोलले. तुम्ही तेवढंही बोलला नाहीत.

आणि तरी त्या सीटीच्या आधी गच्चीवर गौरीला हुतूतू कुणी शिकवलं? तुम्हीच. मशीनमध्ये आधी श्वास पूर्ण भरून धरायचा असतो आणि मग पूर्ण सोडून धरायचा असतो. सोडून धरणं मुलांना जमत नाही, आणि हललं की फोटो वाया. तुम्ही तिला दम संपेपर्यंत हुतूतू म्हणायला लावायचात आणि मग ओरडायचात, "आता गप! मेला गडी! हलायचं नाय!" ती मेल्यासारखी उभी राहायची. सीटीच्या खोलीतल्या ताईंनी काचेपलीकडून "सोड, धर" म्हटलं तेव्हा गौरी एकदाही हलली नाही. बाहेर आल्यावर तुम्ही खिशातून खोबऱ्याची वडी काढून दिलीत आणि माझ्याकडे बघितलंही नाहीत. ज्याला विरोध करायचा तेच काम इतकं नीट करून द्यायचं, ही तुमची पद्धत. भांडायलाही धड जागा ठेवायची नाही.

त्या सीटीत डाव्या फुफ्फुसाचा खालचा, मागचा भाग बिघडलेला निघाला. बाकी सगळं जवळपास होतं तसं. मॅडमनी जुनं आणि नवं चित्र पडद्यावर शेजारी शेजारी लावलं. चांगल्या ठिकाणी काळ्यावर बारीक फांद्या. त्या एका ठिकाणी फांद्यांच्या टोकांना पांढरे ठिपके.

"हा अडकलेला कफ," मॅडम म्हणाल्या. "फांदीला कळ्या आल्यासारखं दिसतं बघा."

तुम्ही टोपी गुडघ्यावर ठेवून पुढे वाकलात. फोटोकडे तुम्ही पहिल्यांदाच नीट बघत होतात. "तुरीला कळी लागल्यावानी," तुम्ही हळूच म्हणालात.

मॅडमनी विचारलं, "एवढ्याच भागात का बरं? थोपटता ना दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे," तुम्ही म्हणालात. "दोन्ही वक्ताला."

गौरीला दोन आठवडे दवाखान्यात ठेवलं, सलाईनमधून अँटिबायोटिक दिलं. तिच्या हाताची शीर सापडायची नाही. तुम्ही बाहेर पॅसेजमध्ये बसून राहायचात, आत यायचा नाहीत. मी तेव्हा तुम्हाला भित्रा म्हणाले होते. मनात नाही. तोंडावर.

घरी आल्यावर मी एक दिवस हाफ डे घेतला आणि खोलीच्या दारात उभं राहून बघितलं. गौरी डाव्या कुशीवर, तोंड भिंतीकडे, पाठ तुमच्याकडे. टाप टाप टाप, उत्तम. मग ती उजव्या कुशीवर वळली. तोंड तुमच्याकडे, पाठ भिंतीकडे. तुम्ही खुर्चीतून पुढे वाकून तिच्या अंगावरून हात पलीकडे टाकलात. बोटांची टोकं पोचत होती. आवाज बदलला. टापांऐवजी थप, थप, भाकरी थापल्यासारखा. डावी बाजू, खालची, मागची. फोटोत कळ्या होत्या नेमक्या तिथं. तिचं डोकं फिरवून उत्तरेला केलं असतं, तर तीच पाठ तुमच्यासमोर आली असती.

"अण्णा, तिचं डोकं इकडे करा."

"नाय."

"तुमचा हात पोचत नाहीये. फोटोत दिसलंय ते!"

"फोटोत काहीबी दिसतं."

"औषध कमी पडलं म्हणून तिला सुया टोचल्या दोन आठवडे! औषध कमी नव्हतं पडलं. तुमची उत्तर आड आली."

"लेकराचं डोकं म्या उत्तरेला करणार नाय. तुझ्या मॅडमला सांग, यमाचा फोटो काढ म्हणावं आधी."

"मग दिवाण सरकवू."

"मग कपाटाचं दार उघडायचं नाय. हे बी यादीत लिव."

गौरी मध्ये पडून दोघांकडे बघत होती. तिने विचारलं, "मी वळू का नको?"

त्या संध्याकाळी मी एकटीने दिवाण ओढून भिंतीपासून हातभर लांब घेतला. आत तुमच्या गोधड्या, सतरंज्या, ज्वारीचा डबा, सगळं भरलेलं होतं. माझी कंबर धरली. सकाळी उठून बघितलं तर दिवाण परत भिंतीला. तुमच्या गुडघ्यांना जमीन चालत नव्हती, दिवाण ढकलायला बरा चालला.

तेव्हापासून तुम्ही खोलीचं दार लावून थोपटायला लागलात. मला वाटलं, फुगलात. मी तुमच्या मुलाला सांगितलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, "मी दोघांच्या मध्ये पडणार नाही." तुमचा मुलगा. मी फिजिओच्या ताईंना आठवड्यातून दोनदा घरी बोलावलं, रविवारी मी माझ्या पलंगावर करायला लागले. तुम्ही त्या दिवशी मुद्दाम देवळात जाऊन बसायचात. मला जेवढं करता येईल तेवढं मी केलं. बाकीचे दिवस तुमच्या हातात होते आणि मला रोज कंपनीत बसल्या जागी त्या पांढऱ्या कळ्या दिसायच्या.

त्यातच भिंतीचा डाग. दिवाणाच्या वरच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला तेलाचा गोल डाग पडायला लागला. आम्ही तिच्या खोलीला धुता येणारा रंग मुद्दाम लावला होता, धूळ नको म्हणून. तुम्ही डोक्याला खोबरेल चोपडून दिवाणावर भिंतीला टेकून पेपर वाचता, असं मी धरलं आणि किती वेळा बोलले. एकदा तर पाहुण्यांसमोर बोलले.

"एवढी खुर्ची आणून दिलीय, भिंतीलाच टेकायचं असतं का?"

तुम्ही काय म्हणालात? "भिंत माझ्या लेकाची हाय."

बस्स. तेवढंच म्हणालात.

तिसऱ्या सीटीची तारीख तुमच्या जाण्याच्या आठवड्यातच होती. छातीत दुखतंय म्हणालात, रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं. तारीख पुढे गेली. याही वेळी तुमच्यामुळेच. तेराव्यानंतर गौरीला घेऊन गेलो. ताईंनी "सोड, धर" म्हटलं, गौरी हलली नाही. बाहेर येऊन तिने सवयीने हात पुढे केला आणि मागे घेतला. मला वडीचं सुचलंच नव्हतं. माझ्या यादीत ती कधी नव्हती.

मॅडमनी चित्रं शेजारी शेजारी लावली. मी आधी डावीकडे खाली बघितलं. मला आता कळतं कुठे बघायचं ते. कळ्या नव्हत्या. नळी जेवढी रुंद झाली होती तेवढी होती, ती काही मागे येत नाही, पण पुढेही सरकली नव्हती. आणि टोकांना सगळीकडे स्वच्छ काळं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "नवीन औषध काही दिलेलं नाही आपण. म्हणजे हातच नीट पोचलाय. घरी कोण करतं? आजोबा ना? त्यांना सांगा, आहे तसंच चालू ठेवा. हात बदलू नका."

गौरी म्हणाली, "अण्णा गेले."

येताना रिक्षात मी तिला विचारलं. "अण्णा तुझं डोकं उत्तरेला करायचे?"

"नाही गं. कधीच नाही."

"मग?"

"ते वर चढायचे. भिंतीकडून. मी अशी बाहेर तोंड करून झोपायचे आणि ते माझ्या मागे, भिंतीला टेकून. आधी खुर्चीवर पाय, मग दिवाणावर, मग आई गं आई गं करत गुडघे आत घ्यायचे. उतरताना मी ओढायचे."

"कधीपासून?"

"तू दिवाण ओढलास ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि मला कुणी का नाही सांगितलं?"

ती हुबेहूब तुमच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या मायला सांगू नको. फ्रीजवर लावंल, अण्णांनी ऐकलं म्हणून."

रिक्षावाला हसला. मी नाही हसले.

अण्णा, पावणेदोन वर्षं. रोज दोनदा. जे गुडघे सतरंजीवर बसत नव्हते ते त्या फटीत दुमडत होतात आणि मला सांगत नव्हता. मी रात्री झोपत नव्हते. मी ताईंना बोलावत होते, तुमच्या मुलाशी भांडत होते, कंपनीत माल मोजताना चुकत होते. एक वाक्य पुरलं असतं. "सुनीता, हात पोचतोय आता." मी जिंकले असं म्हटलं नसतं. बरं, म्हटलं असतं. एकदा म्हटलं असतं आणि झोपले असते. तुम्हाला उत्तरही सोडायची नव्हती, लेकराची पाठही सोडायची नव्हती, आणि मला कळूही द्यायचं नव्हतं. तिन्ही साधलंत. चारचौघांत तेलाच्या डागावरून बोलणी खाल्लीत, पण हे सांगितलं नाहीत. लोक म्हणतात देवमाणूस. मी म्हणते, आडमुठा माणूस. मला हे सहन होत नाही आणि मी ते माफ करणार नाही.

कामाचं बोलते. मी सकाळची शिफ्ट बदलून घेतली आहे. सकाळचं थोपटणं माझ्याकडे, संध्याकाळचं तुमच्या मुलाकडे. आता खोलीत मला अडवणारं कुणी नाही. गौरीचं डोकं उत्तरेला करणं अर्ध्या मिनिटाचं काम. पहिल्या दिवशी मी उशी उचलून त्या टोकाला ठेवलीही. गौरी उशीकडे बघत उभी राहिली. मी उशी परत जागेवर ठेवली.

आणि खुर्चीवर पाय देऊन वर चढले. किती चिंचोळी जागा आहे हो ती. एक गुडघा भिंतीला घासतो, दुसरा कुठे ठेवायचा कळत नाही. डोकं मागे टेकलं ते तुमच्या डागालाच टेकलं. गौरी उजव्या कुशीवर, बाहेर तोंड करून झोपली. मी हात उचलला आणि सुरू केलं.

"आई, चपटा पडतोय."

मी हात पोकळ केला.

"अजून," ती म्हणाली.